शाहूवाडीचा पाऊस आणि न दिसणारा धूर

मैत्रिणींनो, “आषाढात कुणी शाहूवाडीला जातं का?” असं शेजारच्या वहिनींनी मला विचारलं, तेव्हा मी बाळंतविड्याची पिशवी भरत होते. झबली, टोपडी, दोन मऊ दुपटी, भाचीसाठी साडी आणि डिंकाचे लाडू. माझ्या नणंदेची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली होती. बारसं चार दिवसांवर आलेलं. अशा वेळी पाऊस बघून घरात बसणारी मामी कसली? मी छत्री घेतली आणि निघाले.

आज तुम्हांला त्या प्रवासाचं सांगायचं आहे. पण नुसतं डोंगर-दऱ्यांचं वर्णन करून मी थांबणार नाही. त्या चार दिवसांत एक गोष्ट अशी घडली, की घरी परतल्यावर मी पहिल्यांदा माझ्याच न्हाणीघराची खिडकी उघडली. का, ते पुढे कळेलच.

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून मलकापूरची एसटी धरली. केर्ली मागे पडली, वाघबीळाची चढण आली, पन्हाळ्याकडे जाणारा फाटा गेला. तिथपर्यंत आपला नेहमीचा, छत्रीला पुरून उरेल असाच पाऊस. पण बांबवडे सोडलं आणि पावसाची जातच बदलली. उसाचे फड कमी होऊन भाताची खाचरं दिसू लागली. गुडघाभर चिखलात वाकून बायकांची रोप लावण चाललेली. डोईवर पूर्वी बांबूची इरली असत, आता निळे-पिवळे प्लास्टिकचे कागद. कमरेचं वाकणं मात्र तेच!

शाहूवाडी हे तालुक्याचं नाव, पण बाजारहाट, दुकानं आणि नगरपरिषद मलकापूरची. कोल्हापूरपासून साधारण ४५ किलोमीटर. तिथून रस्ता पुढे आंब्याला जातो आणि आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे. विशाळगड याच तालुक्यात आणि पावनखिंडही. १३ जुलै १६६० ला बाजीप्रभूंनी ती खिंड लढवली. शाळेत आपण तो धडा कितीदा वाचला, पण ती माणसं रात्रभर कसल्या पावसातून धावली असतील, हे कळायला त्याच दिवसांत त्याच भागात जावं लागतं. समोरचं झाड दिसत नाही, अंगावरचं लुगडं वाळत नाही आणि दुपारी दोन वाजता घरात दिवा लावावा लागतो.

माझ्या नणंदेचं घर मलकापूर आणि आंबा यांच्यामध्ये, रस्त्यापासून जरा आत. पुढे जुनं कौलारू घर, सोपा, माजघर, स्वैपाकघर. मागे परड्याच्या बाजूला दोन वर्षांपूर्वी बांधलेली स्लॅबची खोली आणि तिला लागून टाइल्स लावलेली बाथरूम. बाळंतिणीची सोय तिथंच केली होती. का, तर जुन्या घरात वारं फार. आणि आपल्याकडचा पहिला नियम तुम्हांला माहीत आहेच, बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही.

त्या खोलीत पाऊल टाकलं आणि मला खरंच बरं वाटलं. बाहेर दात वाजत होते, आत कशी ऊब! कोपऱ्यात निखाऱ्यांची शेगडी, वर टोपलीवर बाळाची दुपटी शेकत पसरलेली. खिडक्या बंद, दारावर जाड चादर. बाथरूममध्ये नळाच्या वर भिंतीवर गॅसचा गिझर आणि शेजारी सिलिंडर. वरच्या जाळीच्या खिडकीत खताचं रिकामं पोतं घट्ट कोंबलेलं.

“पाण्याचं काय सुख झालंय म्हणून सांगू, वैनी!” वन्सं म्हणाल्या. “नळ सोडला की कढत पाणी. नाहीतर ह्या पावसात ओली लाकडं फुंकून डोळे जायची वेळ यायची.”

मीही माना डोलावल्या. खरं सांगायचं तर त्या पोत्याकडे मी पाहिलं होतं. वन्संची हुशारी वाटली मला!

घरात वन्संच्या सासूबाई आहेत. ऐंशीच्या पुढच्या. सगळे त्यांना आजीच म्हणतात. त्या काही नव्या खोलीत रमत नाहीत. जुन्या स्वैपाकघरात चुलीजवळ पाट टाकून बसतात. दिवसभरात चार वेळा येऊन नातीला एकच सांगतात, “न्हाणीची कडी लावायची न्हाई. बाळंतीण हाईस. दार नुसतं लोटून घे.” भाची हसायची. पण आजीच्या शब्दाबाहेर जायची तिची रीत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याला पाणी आलं. त्यामुळे बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई पलीकडच्या वाडीतून येऊ शकली नाही. वन्संचे यजमान आंघोळ करून गेले, मग भाचा, मग मी. मला आंघोळ करताना डोकं जड झाल्यासारखं वाटलं. बाहेर आले तर पायांतलं बळ गेल्यासारखं. मी मनाशी म्हटलं, एसटीचे धक्के आणि रात्रीचं जागरण, दुसरं काय! आणि गप्प राहिले. मैत्रिणींनो, आपण बायका या बाबतीत फार वाईट. डोकं दुखलं तर पित्त, चक्कर आली तर उपास. कुणाला सांगायचं म्हणजे जणू काम चुकवल्यासारखं!

माझ्या मागोमाग भाची गेली. “आज माझी मीच घेते आंघोळ,” म्हणाली. तेल जिरवलेलं अंग, भरपूर कढत पाणी, म्हणून जरा वेळ लागणारच. बाळ वन्संच्या मांडीवर होतं. थोड्या वेळानं आजी परड्याकडून आल्या आणि थबकल्या.

“आत नळ चालू हाय, पर तांब्या वाजंना. हाक मार बगू तिला.”

वन्संनी हाक मारली. ओ नाही. मी दार ढकललं. कडी नव्हती म्हणून ते उघडलं. भाची भिंतीला टेकून खाली बसलेली, मान कलंडलेली. वाफेनं बाथरूम भरलेली आणि गिझर चालूच. मी श्वास रोखून आत गेले, नळ बंद केला, गिझरची ज्योत विझली. दोघींनी मिळून तिला ओढत सोप्यात आणलं, अंगावर चादर टाकली. भाच्यानं जाऊन सिलिंडरचं बटण बंद केलं. सोप्यावरच्या वाऱ्यात काही वेळानं तिनं डोळे उघडले, ओकारी झाली आणि ती रडायला लागली. त्या वाऱ्याची आपण दहा दिवस धास्ती घेतली होती. त्याच वाऱ्यानं पोर परत आली.

गाडी करून तिला तसंच मलकापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “पाणी कशावर तापवता? गिझर आतच आहे का?” आणि लगेच नाकाला प्राणवायू लावला. मलाही तपासलं, कारण आता मी माझं डोकं दुखल्याचं कबूल केलं होतं. संध्याकाळपर्यंत भाची व्यवस्थित झाली. तेव्हा त्यांनी आम्हां सगळ्यांना समोर बसवून जे सांगितलं, ते मी तुम्हांला माझ्या शब्दांत सांगते.

गॅस असो, लाकूड असो, कोळसा असो, जळायला हवा लागते. हवा पुरेशी मिळाली तर जाळ नीट, निळा लागतो. खोली बंद असली तर तोच जाळ आतली हवा खाऊन टाकतो. मग जळण अर्धवट जळतं आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. आपल्या रक्ताला प्राणवायूपेक्षा तो दोनशेपटीहून अधिक जोरानं चिकटतो. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, मळमळतं, हातापायांतलं बळ जातं. आणि कळेपर्यंत दार उघडायचीही ताकद उरत नाही. एकामागून एक आंघोळी झाल्या की तो वाढत जातो. त्या दिवशी भाचीची आंघोळ चौथी होती.

म्हणजे मी तिसरी होते. मी बाहेर येऊन नुसतं म्हटलं असतं, “मला आत कसंतरीच झालं,” तर चौथी आंघोळ झालीच नसती. ही टोचणी माझ्या मनातून जायची नाही. म्हणूनच हे लिहिते आहे.

आणखी एक गोष्ट डॉक्टरीणबाईंनी आवर्जून सांगितली. बोटाला लावायचं जे छोटं यंत्र करोनाच्या साथीनंतर घरोघरी आलं, त्याच्यावर अशा माणसाचाही आकडा चांगला दिसू शकतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त कुठलं आणि प्राणवायूचं कुठलं, हे त्या यंत्राला ओळखता येत नाही. तेव्हा आकडा बघून घरी थांबू नका. दवाखान्यात जा आणि गिझर किंवा शेगडी चालू होती, हे आपणहून सांगा.

त्या रात्री मी आजींजवळ जुन्या स्वैपाकघरात बसले. वर पाहिलं. कौलांमधल्या फटींतून आणि धुराड्यातून चुलीचा धूर हळूहळू बाहेर जात होता. वासे काळे कुळकुळीत. “ह्या धुरानं माझं डोळं गेलं,” आजी म्हणाल्या. “खोकला बी दिला. चूल काय चांगली न्हवती, पोरी. पर धूर दिसायचा, म्हणून त्याला वाट ठिवायचो. ह्यो तुमचा न दिसणारा. त्याला कोण वाट ठिवणार?”

मला वाटतं, आजींनी सगळं त्यातच सांगितलं. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि गावोगावी गॅस पोचला, ही फार चांगली गोष्ट झाली. चुलीच्या धुरानं बायकांची फुप्फुसं आणि डोळे किती बिघडतात, ते सांगायला नको. पण त्याच सुमारास घरंही बदलली. कौलं गेली, स्लॅब आले, फटी बुजल्या, काचा लागल्या. जुनं घर गळायचं, वारं आत घ्यायचं, आणि तेच त्याचं भलं होतं. शाहूवाडीच्या पावसात आपण नवी घरं डबीसारखी बंद करतो आणि आत जाळ पेटवतो. आपल्या शहरांतल्या फ्लॅटमध्ये तरी दुसरं काय होतं?

पण आजींचंही सगळंच बरोबर नव्हतं बरं का! शेगडी त्या आधी परड्यात पेटवायच्या आणि धूर गेला, निखारे लाल झाले की मगच आत आणायच्या. आपणही असंच समजतो, की धूर गेला म्हणजे धोका गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुळीच नाही. लाल निखाऱ्यांतून तो वायू निघतच राहतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणं म्हणजे बाळ-बाळंतिणीच्या जिवाशी खेळ. आजींनी ते ऐकून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी शेगडी बाहेर काढली. आता बाळाला ऊब कशी द्यायची? टोपडं, मोजे, दुपटं आणि आईची कूस. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून दोघांवर पांघरूण घातलं, की यापरती ऊब नाही. अंथरूण आधी गरम पाण्याच्या पिशवीनं शेकून घ्या आणि बाळाला निजवताना ती पिशवी काढून ठेवा.

बारसं एक दिवस पुढे ढकललं. त्या मधल्या दिवसात भाच्यानं कारागीर आणून गिझर बाहेरच्या भिंतीवर, पागोळ्या लागणार नाहीत अशा उघड्या पडवीत बसवला. आत फक्त गरम पाण्याचा नळ. पोतं काढून टाकलं. दाराच्या खालच्या अंगालाही हवेसाठी जाळी बसवली. फार खर्चाचं काम नव्हतं ते. आधी सुचलं नव्हतं, एवढंच.

वन्संच्या पुतण्याची बायको अमेरिकेत असते. तिनं बारशाला फोन केला तेव्हा ही हकिगत तिला कळली. ती म्हणाली, “मामी, आमच्याकडे तर घर तापवायची गॅसची भट्टीच तळघरात असते. तिला फर्नेस म्हणतात. ती हवा तापवते आणि पत्र्याच्या नळांतून प्रत्येक खोलीत सोडते.” मी घाबरून विचारलं, मग तुम्ही झोपता कशा? ती हसली. म्हणाली, जळलेला वायू वेगळ्या नळीनं थेट घराबाहेर जातो. थंडी सुरू व्हायच्या आधी दरवर्षी माणूस येऊन जाळ आणि नळी तपासतो, हवेची गाळणी बदलतात, भट्टीजवळ कपडे किंवा रंगाचे डबे ठेवत नाहीत, बर्फ पडलं की बाहेरच्या नळीचं तोंड मोकळं करतात. आणि निजायच्या खोलीबाहेर एक छोटं यंत्र असतं. हा वायू झाला की ते कर्कश ओरडतं. बघा, शाहूवाडीच्या आजींचा आणि अमेरिकेतल्या सुनेचा नियम एकच निघाला, जाळाला हवा द्या आणि धुराला वाट द्या. तसं यंत्र आपल्याकडेही विकत मिळतं. गिझर किंवा शेगडी वापरणाऱ्या घरात ते असावं.

आता हे एवढं कागदावर लिहून स्वैपाकघराच्या दाराआड लावा.

गॅसचा गिझर बाथरूममध्ये नको. बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. हलवेपर्यंत निदान एवढं करा : दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, आतली हवा जाऊ द्या, मगच आंघोळीला जा. नुसता एक्झॉस्ट पंखा लावून भागत नाही. आत यायला हवेला वाट नसेल, तर तो जळलेला वायूच खाली ओढतो. ज्योत निळी हवी. पिवळी, भगभगती दिसली किंवा भांड्यांना काजळी धरू लागली, की वापर थांबवून कारागिराला बोलवा. वर्षातून एकदा तपासणी करून घ्या.

सिलिंडरचं वेगळं. त्यातला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर उभाच ठेवा, खड्ड्यात किंवा बंद कपाटात ठेवू नका, आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असू द्या. या गॅसला मुद्दाम उग्र वास घातलेला असतो. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. समई, उदबत्ती विझवा. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावर १९०६ या नंबरावर फोन करा. गळती बघायची तर साबणाच्या पाण्यानं, काडी ओढून कधीच नाही. रबरी नळी आयएसआय शिक्क्याची घ्या आणि पाच वर्षांनी बदला. सिलिंडर घेताना त्याच्या वरच्या पट्टीवरची खूण बघा. ‘बी २८’ असेल, तर २०२८ च्या जूनपर्यंत तो चालेल. ए म्हणजे मार्च, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. मुदत टळली असेल तर परत करा.

मात्र एक लक्षात ठेवा. सिलिंडर गळला तर नाक सांगतं. पण जळल्यानंतरचा तो विषारी वायू नाकाला कळत नाही. तिथं नाकावर विसंबू नका.

बारशाच्या दिवशी दुपारी पाऊस तासभर उघडला. आंब्याच्या बाजूचे डोंगर धुक्यातून एकेक करून वर आले. पाळणा सोप्यात बांधला होता, दारं सताड उघडी. वन्संनी सवयीनं दार लोटायला हात घातला आणि तसाच मागे घेतला. आजी बाळाला कुंची घालत म्हणाल्या, “असू दे उघडं. लुगडं पांघरू, पर वारं येऊ दे.”

मैत्रिणींनो, जमलं तर आषाढात एकदा शाहूवाडीला जाऊन या. हिरवं म्हणजे किती हिरवं, ते तिथं कळतं. जाणं नाही जमलं, तर आज एवढं तरी करा. सकाळी पहिली आंघोळ व्हायच्या आधी न्हाणीघराची खिडकी उघडून बघा, उघडते ना? आणि आत डोकं जड झालं, तर माझ्यासारखं गप्प राहू नका. मोठ्यानं सांगा. तुमच्या मागून आंघोळीला कुणीतरी जाणार असतं.